बडोद्याची पदवी, घरची पत्रे

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोबाईलवर बडोद्याहून एक निरोप आला. आमच्या आत्याची नात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पदवीधर झाली, पदवीदानाला सर्वांनी यावे, असा तो निरोप आहे हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला. कारण भाषा मराठी, पण अक्षरे गुजराती! आम्ही शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेले, तीस वर्षे खडू हाती धरलेले शिक्षक. पण चष्मा वर-खाली करूनही पहिली ओळ लागेना. मग ध्यानात आले की डोक्यावरची रेघ काढून टाकलेली ही आपलीच अक्षरे आहेत. ग, म, न, प, र, व ही मंडळी लगेच ओळखीची निघाली. ख, ज, झ, फ, अ, इ मात्र वेश पालटून बसलेली. अंदाजाने एकेक शब्द जुळवीत शेवटच्या वाक्याशी आलो. ते असे होते, "आजी म्हणते, दादा आला नाही तर मी पेढा खाणार नाही."

दादा म्हणजे आमचे वडील. वय ८२. गुडघे बोलतात, एका कानाने कमी ऐकू येते. आम्ही निरोप मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा आप्पा एवढेच म्हणाले, "तिकीट काढ."

आत्या १९६७ साली लग्न होऊन बडोद्याला गेली. त्याच साली महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यामुळे आमच्या घरात ते वर्ष दोन कारणांनी लक्षात राहिले. आतोबांचे पूर्वज कोल्हापूरकडचे. गायकवाडांच्या पागेत चाकरीला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. एवढ्या लांब मुलगी का दिली, असे गाव विचारी. आजोबा म्हणत, लांब असले तरी राज्य मराठ्यांचे आहे. राज्य कधीच विलीन झाले होते, ही गोष्ट त्यांच्या लेखी गौण होती.

असो. बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट आणि आप्पांच्या हट्टापायी घरच्या शेतातल्या तांदळाची एक पिशवी, एवढे ओझे घेऊन आम्ही, आमची मंडळी आणि आप्पा असे तिघे बेळगावला गाडीत बसलो. वाटेत आप्पा खिडकीतून स्टेशनांच्या पाट्या वाचत होते. आपल्याकडच्या पाटीवर कानडी अक्षरे, पुढे मिरज-पुण्याला मराठी, आणि वसई, डहाणू मागे टाकून उंबरगाव आले की गुजराती. "एका गाडीत बसून तीन राज्यं झाली," आप्पा म्हणाले, "पण चहावाला तसाच ओरडूलाय."

बडोद्याच्या फलाटावर आत्या नातीचा हात धरून उभी होती. बारा वर्षांनी भेट. आत्याच्या डोळ्यांना धार लागली. आप्पा म्हणाले, "रडूलीस कशाला गं? आलो की!" नातीला हसू आवरेना. 'रडूलीस' हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. पुढचे चार दिवस घरातली सगळी पोरे 'करूलीस', 'जाऊलास', 'जेवूलाय' असे म्हणत एकमेकांना चिडवत होती.

एका शब्दाची गंमत

आत्याचे घर दांडिया बाजारात आहे. बडोद्यातली ही जुनी मराठी वस्ती. सुरसागर तलाव तिथून चालत जाण्यासारखा. दारावरच्या पाट्या वाचल्या की जाधव, शिंदे, मोहिते, घोरपडे. कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत आलो असे वाटावे. पण दारातून आत गेले की भाजीला 'शाक' आणि वर्तमानपत्राला 'छापे'. सकाळी न्याहारीला सेव-उसळ आली. मटकी-वाटाण्याची आपली तिखट उसळ आणि तिच्यावर गुजरातची शेव. हा पदार्थ बडोद्याची ओळख झाला आहे. आमच्या मंडळी म्हणाल्या, "ह्या गावाची भाषासुद्धा अशीच असणार." तसेच होते.

पहिल्या रात्री सगळे गच्चीवर बसलो असताना नातीने आप्पांना विचारले, "आजोबा, तुम्हाला कानडी आवडते?"

गच्ची एकदम गप्प झाली. वाचकहो, आमच्या आप्पांना सीमाभागात ओळखणारे ओळखतात. सत्याग्रहात त्यांनी लाठी खाल्लेली आहे. आम्हाला वाटले, आता म्हातारा उठून खाली जाईल. आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आवडायला काय झालं? भाषा कुणाची वाईट नसती बाळ. आमच्या बांधाला बांध लागून कानडी माणसं हाईत, सुखदुःखाला येत्यात. सक्ती आवडत न्हाई."

नात गोंधळली. तिने विचारलेच नव्हते तसे काही! मग आत्याने उलगडा केला. गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे 'येते'. त्या वळणाने इथल्या मुलांच्या तोंडी 'मला पोहायला आवडते' म्हणजे 'मला पोहता येते'. पोरीने एवढेच विचारले होते की, तुम्हाला कानडी बोलता येते का? मग जी हसाहस झाली! आप्पा म्हणाले, "तसं असंल तर दोन्ही अर्थांनी आवडती."

हसणे ओसरल्यावर मात्र आत्या जे बोलली ते आम्ही अजून विसरलो नाही. ती म्हणाली, "दादा, आम्हाला इथं कुणी कधी मराठी बोलू नका म्हणून सांगितलं नाही. गणपती बसवले, भजनं केली, नाटकं केली, कुणी आडवं आलं नाही. म्हणून मराठी घरातून कधी निघाली ते कळलंच नाही."

घुमटाखाली

दुसऱ्या दिवशी पदवीदान. समारंभ इतर ठिकाणी होतो तसाच झाला. रांगा, छायाचित्रे, फुलांचे गुच्छ, हरवलेले मामा आणि सापडलेले काका. पण कला शाखेच्या त्या प्रचंड घुमटासमोर उभे राहिल्यावर आप्पांना विजापूरच्या गोलघुमटाची आठवण झाली आणि आम्हाला कवळाण्याची.

नाशिक जिल्ह्यातले कवळाणे हे खेडे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ साली बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर अक्षरओळखही जेमतेमच. तिथे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याला शिकवायला सुरुवात झाली. तेच सयाजीराव महाराज. बडोदे कॉलेज १८८१ साली सुरू झाले. ह्या कॉलेजातून पुढे १९४९ साली विद्यापीठ उभे राहिले आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर, १९१७ साली, ह्याच शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. राजाने दार उघडले म्हणून गावाचे दार उघडतेच असे नाही.

आम्हाला शिक्षक म्हणून सर्वांत मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. १८९३ साली महाराजांनी अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच पाऊल १९१७ साली उचलले. आता विचार करा, राजा मराठी, दरबार मराठी, सरदार मराठी. प्रजा बहुतेक गुजराती. त्या प्रजेच्या मुलांना शाळा कोणत्या भाषेत दिली? गुजरातीत. शहरातल्या मराठी मुलांसाठी मराठी शाळा होत्या, पण खेड्यातल्या गुजराती मुलाला कोणी मराठी बाराखडी गिरवायला लावली नाही. एवढेच नव्हे, कारभार लोकांच्या भाषेत नीट चालावा म्हणून १९३१ साली 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश निघाला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतले प्रतिशब्द दिले आहेत. आणि हाच राजा १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. स्वतःच्या भाषेवर प्रेम असायला दुसऱ्याच्या भाषेचा गळा दाबावा लागत नाही, हे ह्याहून वेगळे काय सांगायचे?

सीमाभागात आपण जे मागतो ते ह्याहून जास्त नाही. मुलाला त्याच्या आईच्या भाषेत शाळा आणि बापाला त्याच्या भाषेत सरकारी कागद. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. ते कलम १ नोव्हेंबर १९५६ ला अमलात आले. आपण म्हैसूर राज्यात गेलो तोही तोच दिवस. मराठी राजाने गुजराती प्रजेला जे न मागता दिले, तेच आपण इतकी वर्षे मागत आहोत.

आणखी एक योगायोग आम्ही आत्याच्या नातवंडांना फळ्याविना शिकवला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात आले. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. म्हणजे १९५६ पर्यंत साडेसात वर्षे बेळगाव आणि बडोदे एकाच राज्यात नांदली. मग आपण दक्षिणेकडे गेलो आणि १ मे १९६० ला बडोदे गुजरातेत गेले. मराठी साहित्य संमेलन बडोद्याला १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरले. बेळगावला १९२९, १९४६ आणि २००० साली. बेळगाव-कारवार भागात बालपण घालवलेले काकासाहेब कालेलकर १९१० साली बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला गेले आणि पुढे गुजरातीचे असे लेखक झाले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. नात म्हणाली, "म्हणजे काका, तुमच्याकडचे लोक आमच्याकडे आधीपासून येतात!" आम्ही म्हटले, "येतात, बाळ. पण परत पत्र लिहायचे विसरत नाहीत."

हे आम्ही सहज बोलून गेलो. त्या बोलण्याने संध्याकाळी काय होणार आहे, ते तेव्हा ठाऊक नव्हते.

ट्रंकेतली पत्रे

संध्याकाळी घरी जेवणावळ होती. श्रीखंड-पुरी, उंधियू आणि आप्पांच्या तांदळाचा भात. शेजारच्या गुजराती मंडळींनीही ताटे मांडायला हात लावला. जेवणे झाल्यावर नातीने सर्वांचे आभार मानले. मोबाईल हातात धरून ती मराठीत बोलली, चांगली बोलली. आम्ही शेजारून डोकावलो तर मोबाईलवर सगळे गुजराती अक्षरांत.

आमच्यातला मास्तर जागा झाला. विचारले, "तुला देवनागरी येत नाही?" ती म्हणाली, "येते की. हिंदी होतं ना शाळेत. पण मराठी तर आपण बोलतो. लिहायला ती कुठे लागते?"

आम्ही निरुत्तर झालो. मुलीला लिपी येत होती, भाषा येत होती. मराठी ही लिहायचीही भाषा आहे, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. आणि तिला नावे ठेवायला आम्ही तरी कोण? आमचा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. 'आई, जेवलो' हे दोन शब्द तो आम्हाला इंग्रजी अक्षरांत पाठवतो. तो इंग्रजी माध्यमात शिकला. समितीच्या सभेत 'मराठी शाळा वाचवा' म्हणून ठराव मांडणारे आम्ही, आणि त्याचा दाखला इंग्रजी शाळेत नेऊन देणारेही आम्हीच. आमच्या गावातून रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी भरून जाते. तिच्यात समितीच्या घरची पोरेही असतात. हे कोणत्या सरकारच्या सक्तीने होते?

तेवढ्यात आत्या उठली. आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. तिच्यात आंतरदेशीय पत्रांचे गठ्ठे होते. आप्पांनी १९६७ पासून लिहिलेली सगळी पत्रे. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून ती वाचली गेली नव्हती. तिने वरचे एक काढून नातीच्या हातात दिले, "वाच."

ते पत्र १९६९ सालचे. नातीने अडखळत सुरुवात केली. आप्पांचे अक्षर तिरके, शाई फिकी. 'चि. सौ. बाय हीस अनेक आशीर्वाद' इथेच ती दोनदा थांबली. मग रोप लागण, म्हशीचे रेडकू, पावसाने पडलेली परड्याची भिंत. पोरे हसत ऐकत होती. खाली पुढचा मजकूर आला तेव्हा हसणे थांबले. आप्पांनी लिहिले होते, 'हायस्कूल बेळगावात. दोघांना ठेवण्याची ऐपत नव्हती म्हणून बाबांनी तुला सातवीवर घरी बसवले व मला पाठवले. वर्गात तुझा नंबर माझ्यापेक्षा वरचा असे. हे मी विसरलो नाही. तुझ्या पोटी मुलगी झाली तर तिला शिकव. पैसे मी पाठवीन.'

आत्याला मुलगी झाली नाही. तीन मुलगे झाले. नात झाली ती छप्पन्न वर्षांपूर्वीचे पत्र हातात धरून उभी होती. आप्पांना एका कानाने ऐकू येत नाही, पण त्यांनी सगळे ऐकले होते. ते म्हणाले, "पैसे पाठवायचे राहिले बाय." आत्या म्हणाली, "तांदूळ आणलास न्हवं." इतक्या वर्षांनी तिच्या तोंडी आमच्या गावची बोली आली.

मग तिने पेढा खाल्ला.

त्या रात्री नात ट्रंकेपाशी उशिरापर्यंत बसली होती. सकाळी म्हणाली, "काका, अकरा वाचली. 'ळ' आणि 'ण' आता लगेच कळतात. जोडाक्षरं अजून त्रास देतात." आम्ही तिला सांगितले, "जोडाक्षरे आम्हालाही त्रास देत. पत्रे संपेपर्यंत जमेल."

निघताना

आप्पांचे मत आहे की आपल्यावर सक्ती झाली म्हणून आपली मराठी टिकली आणि बडोद्याला कोणी अडवले नाही म्हणून तिथली पातळ झाली. आम्हाला हे अर्धेच पटते. बडोद्यात आजही विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, मराठीची आवड धरणारी माणसे आहेत. आणि आपल्याकडे सक्ती असूनही मुले मराठी शाळेतून निघून जात आहेत. सक्तीमुळे आपण रस्त्यावर उतरतो, घोषणा देतो, आणि ते करावेच लागेल. पण भाषा टिकते ती ज्या घरात तिच्यातून काही लिहिले-वाचले जाते तिथे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपल्याला आनंद आहे. पण त्या दर्जाने आप्पांचे पत्र कोणी वाचून दाखवले नसते. त्यासाठी घरातच वाचणारी एक मुलगी लागली.

आत्याच्या नातीने ती पत्रे वाचली नसती तर काय झाले असते? आत्याच्या मागे ती ट्रंक रद्दीत गेली असती. एका भावाने बहिणीपाशी मान्य केलेले ऋण कोणाला कळलेही नसते. भाषा जाते तेव्हा आधी असले कागद मुके होतात, आणि त्याची बातमी कुठे छापून येत नाही.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. शाळेसाठी, कागदपत्रांसाठी, पाट्यांसाठी आपले मागणे चालूच राहील. त्याबरोबर एवढे करा. माळ्यावर, कपाटात, ट्रंकेत घरच्यांची जुनी पत्रे असतील तर ती काढा आणि घरातल्या लहानाकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळेल, अडखळू द्या. पोर इंग्रजी माध्यमात असेल तर आधी त्याच्याच हातात द्या.

आम्ही गावी परतल्यावर आठव्या दिवशी बडोद्याहून निरोप आला. 'आजोबा, तुमची सर्व पत्रे वाचून झाली. १९७८ च्या पत्रात म्हैस विकली असे लिहिले आहे, मग पुढे काय झाले ते नाही.' सगळी अक्षरे देवनागरी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. त्या आम्ही सुधारल्या नाहीत. आप्पांनी पोस्टातून कार्ड आणायला सांगितले आहे. म्हशीची हकिगत मोठी आहे, एका कार्डात मावणार नाही असे दिसते.

आम्हीही त्या दिवशी बंगळूरला मुलाला पहिल्यांदा सांगितले, की बाबा, मराठी अक्षरांत लिही. त्याचे उत्तर आले, 'प्रयत्न करतो'. 'प्रयत्न' मधला 'त्न' त्याला कुठे सापडला, ते त्याचे त्याला ठाऊक. पण सापडला.